रिझोल्यूशन कमी केलं की गेम भुरकट दिसतो? आधी चित्र ताणतंय कोण ते शोधा

‘मॉनिटर गेला बहुतेक’ असं म्हणत माझ्याकडे आणलेले बरेच मॉनिटर ठणठणीत असतात. मी पुण्यात सिंहगड रस्त्यावर कॉम्प्युटर जुळवण्याची आणि दुरुस्तीची कामं करतो. कोथरूड, कर्वेनगर, धायरी इथून येणारी कॉलेजची मुलं हे माझं मुख्य गिऱ्हाईक. त्यांची गोष्ट साधारण एकच असते. ग्राफिक्स कार्ड बेताचं, मॉनिटर मात्र घरच्यांना पटवून मोठा घेतलेला. गेम १९२०×१०८० वर अडखळतो म्हणून मित्राच्या सांगण्यावरून तो १२८०×७२० वर टाकला. गेम पळायला लागला, पण चित्राचा पार विचका झाला. मग कोणी ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) पाच वेळा टाकून बघतो, कोणी विंडोज नव्याने टाकतो, कोणी चांगला मॉनिटर ओएलएक्सवर अर्ध्या किमतीत विकायला काढतो. यातलं काहीही करायची गरज नसते.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं काय दिसतंय ते बघून ठेवा. एकापेक्षा जास्तही असू शकतं.

१. गेम सुरळीत चालतो, पण चष्म्याला तेलकट बोट लागल्यासारखं सगळं दिसतं. झाडं, रस्ते एक वेळ चालून जातात. नकाशावरची अक्षरं आणि गोळ्यांचा आकडा वाचवत नाही.
२. माणसं बुटकी आणि रुंद झालीत, गाडीची चाकं लंबगोल.
३. दोन्ही बाजूंना काळे पट्टे. किंवा चारही बाजूंना काळं आणि मधे पोस्टकार्डाएवढं चित्र.
४. कडा कापल्या गेल्यात. कोपऱ्यातला नकाशा अर्धा गायब.
५. काळा रंग राखेसारखा, सगळं फिकट.
६. पडदा काळा आणि मधे एक चौकोन फिरतोय: ‘आउट ऑफ रेंज’ किंवा ‘इनपुट नॉट सपोर्टेड’.
७. मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, पण रिझोल्यूशन कमी केल्यापासून माउस जड वाटतो.
८. गेम बंद केला की डेस्कटॉपवरचे सगळे आयकॉन एका कोपऱ्यात गोळा झालेले.

गेम पूर्ण बंद आहे, डेस्कटॉप मॉनिटरच्या मूळ रिझोल्यूशनवर आहे, आणि तरीही रेघा, डाग, लुकलुक दिसतेय? मग हे सगळं वाचण्यात वेळ घालवू नका, थेट ‘इथे थांबा’ या भागाकडे जा. तो आजार वेगळा.

हे होतं कशामुळे

एलसीडीच्या काचेमागे ठिपके कायमचे बसवलेले असतात. १९२०×१०८० चा मॉनिटर म्हणजे २०,७३,६०० ठिपके, ना एक कमी ना एक जास्त. यालाच नेटिव्ह रिझोल्यूशन म्हणतात. जुन्या पेटीसारख्या सीआरटी मॉनिटरला हे बंधन नव्हतं. त्यात इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर ओळी काढत जायचा; सहाशे ओळी सांगितल्या तर सहाशे काढायचा, हजार सांगितल्या तर हजार. म्हणून ज्यांनी १९९९ सालचा एज ऑफ एम्पायर्स २ तेव्हा ८००×६०० वर खेळलाय ते ठामपणे सांगतात, ‘आमच्या वेळी छान दिसायचं’. खरंच दिसायचं, त्यांची आठवण चुकत नाही.

आता ठिपक्यांची रांगोळी आठवा. अंगणात एका ओळीत १०८० ठिपके काढून ठेवलेत आणि हातात नक्षी आहे ७२० ठिपक्यांची. ती अंगणभर पसरायची तर नक्षीतल्या एका ठिपक्याच्या वाट्याला दीड ठिपका येतो. अर्धा ठिपका काही रंगवता येत नाही. मग दोनच वाटा उरतात. काही ठिपके एकदा घ्यायचे आणि काही दोनदा. यात रेघ कुठे जाड कुठे बारीक होते आणि अक्षरं वेडीवाकडी दिसतात. नाहीतर शेजारच्या दोन ठिपक्यांचे रंग कालवून मधला रंग भरायचा. यात रेघा एकसारख्या दिसतात पण कडा विरघळतात. बहुतेक मॉनिटर आणि ग्राफिक्स कार्डं दुसरी वाट धरतात. तुम्हाला दिसतो तो भुरकटपणा हाच.

भागाकार पूर्ण आला तर अर्ध्या ठिपक्याचा प्रश्न येत नाही. २५६०×१४४० च्या मॉनिटरवर १२८०×७२० टाकलं, किंवा फोरके म्हणजे ३८४०×२१६० वर १९२०×१०८० टाकलं, तर एकाचे बरोबर चार ठिपके होतात. याउलट १४४० वर १०८० टाकलं की गुणोत्तर येतं १.३३, आणि माझ्याकडे सगळ्यात जास्त तक्रारी याच जोडीच्या येतात. सत्तावीस इंची क्यूएचडी, म्हणजे २५६०×१४४० चा मॉनिटर आणि त्याला जीटीएक्स १६५० कार्ड. पोरगं म्हणतं, ‘फुल एचडीच तर आहे, वाईट का दिसावं?’ फुल एचडीच्या (१९२०×१०८०) मॉनिटरवर फुल एचडी चांगलंच दिसतं. इथे मॉनिटर फुल एचडीचा नाही.

ठिपक्यांची दाटीही लक्षात घ्या. १५.६ इंची फुल एचडी लॅपटॉपवर इंचाला साधारण १४१ ठिपके येतात, २४ इंची मॉनिटरवर ९२, आणि २७ इंची फुल एचडीवर जेमतेम ८२. म्हणून मित्राच्या लॅपटॉपवर ७२० खपून जातं आणि तुमच्या टेबलावर तेच डोळ्यांत खुपतं. तुलना करायचीच तर सारख्या आकाराच्या मॉनिटरशी करा.

शोध कशाचा घ्यायचा

लहान चित्र मोठं करून पडद्याला पुरवायचं काम चौघांपैकी कोणीही करू शकतं: गेम, विंडोज, ग्राफिक्स कार्ड किंवा मॉनिटर. वरची जवळजवळ सगळी लक्षणं एक तर चुकीच्या गड्याने हे काम अंगावर घेतल्यामुळे येतात, नाहीतर दोघांनी मिळून केल्यामुळे. तेव्हा ताणतंय कोण हे आधी ठरवायचं आणि मगच सेटिंगला हात लावायचा. उलट क्रमाने गेलात तर चार ठिकाणी चार सेटिंग बदलून बसाल आणि कशाने काय झालं ते कळणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. मी अजूनही कागदावर लिहून ठेवतो.

पहिली तपासणी: मॉनिटरलाच विचारा

खर्च शून्य, वेळ अर्धा मिनिट. गेम कमी रिझोल्यूशनवर चालू ठेवा, मॉनिटरचं बटण दाबून मेनू उघडा आणि त्यात ‘इन्फॉर्मेशन’ किंवा तसंच काही नाव शोधा. काही मॉनिटरवर हा आकडा मेनूच्या अगदी खाली बारीक अक्षरांत असतो. मॉनिटरला आत्ता केबलमधून काय मिळतंय ते तिथे लिहिलेलं असतं.

तिथे १२८०×७२० दिसलं तर कार्डाने चित्र आहे तसं सोडून दिलंय आणि ताणायचं काम मॉनिटर करतोय. १९२०×१०८० दिसलं तर मॉनिटर निर्दोष आहे. त्याला पूर्ण आकाराचं चित्र मिळतंय आणि बिघाड त्याच्या आधी कुठेतरी आहे: कार्ड, विंडोज किंवा गेम. शेजारीच हर्ट्झचा आकडाही असतो, तो टिपून घ्या. सातव्या लक्षणाचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळतं. काही मॉनिटर कमी रिझोल्यूशनला फक्त ६० हर्ट्झच घेतात, आणि काही गेम रिझोल्यूशन बदलताना न विचारता ६० वर जाऊन बसतात.

याला जोडून एक स्क्रीनशॉट घ्या. तो गेम बंद करून, डेस्कटॉप मूळ रिझोल्यूशनवर असताना शंभर टक्के आकारात उघडा. चित्र लहान पण लख्ख दिसलं तर गेमने आपलं काम नीट केलंय आणि भुरकटपणा नंतर ताणताना आलाय. स्क्रीनशॉटमध्येच अक्षरं पुसट असतील तर गेमच्या सेटिंगमध्ये बघा. मॉनिटर, केबल, ड्रायव्हर कशालाही हात लावू नका. आणि कृपा करून पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो पाठवू नका. मोबाइल कॅमेऱ्याची जाळी आणि मॉनिटरची जाळी एकमेकींवर पडली की त्यात नसलेल्याही लाटा दिसतात. त्यावरून निदान होत नाही, फक्त भांडणं होतात.

दुसरी तपासणी: मॉनिटरचा मेनू

पहिल्या तपासणीत मॉनिटरच ताणतोय असं निघालं तर हा भाग तुमच्यासाठी. मेनूत ‘आस्पेक्ट’, ‘इमेज साइझ’, ‘वाइड मोड’ असं काहीतरी सापडेल. ‘फुल’ म्हणजे काहीही करून पडदा भरणं. बुटकी माणसं इथून येतात. जुना गेम १०२४×७६८ वर, म्हणजे ४:३ मध्ये चालतो आणि मॉनिटर तो १६:९ मध्ये ओढतो. ‘आस्पेक्ट’ किंवा ‘४:३’ निवडलं की बाजूला काळे पट्टे येतात आणि चाकं पुन्हा गोल होतात. काळे पट्टे हा दोष नाही हे मला आठवड्यातून एकदा तरी कोणाला तरी समजवावं लागतं. चौकोनी चित्र रुंद पडद्यावर न ओढता ठेवलं तर बाजूला जागा उरणारच.

इथे एक गोम आहे. बहुतेक मॉनिटरवर हा पर्याय मूळ रिझोल्यूशनचा सिग्नल असताना मंद, करडा दिसतो आणि निवडताच येत नाही. लोक डेस्कटॉपवर असताना मेनू उघडतात, ‘पर्यायच लॉक आहे’ म्हणतात आणि मॉनिटर खराब ठरवतात. गेम कमी रिझोल्यूशनवर चालू असताना मेनू उघडा.

शार्पनेसही इथेच असतो. तो वाढवून भुरकटपणा जाईल असं वाटतं, पण कडांभोवती पांढरी किनार येते आणि तासाभरात डोळे दुखायला लागतात. त्या सेटिंगशी फार खेळला असाल तर मेनूतून फॅक्टरी रिसेट मारा आणि तिथून पुन्हा सुरू करा.

कडा कापल्या जात असतील तर बहुधा मॉनिटरऐवजी टीव्ही वापरताय, किंवा मॉनिटर स्वतःला टीव्ही समजतोय. १२८०×७२० हे टीव्हीच्या प्रक्षेपणाचंही माप आहे, त्यामुळे एचडीएमआयवरून ते आलं की काही मॉनिटर टीव्हीचे नियम लावतात. जुन्या ट्यूबच्या टीव्हीत चित्राच्या कडा चौकटीखाली दडवायची पद्धत होती. तिला ओव्हरस्कॅन म्हणतात, आणि ती सवय नव्या पडद्यांतही राहिलीय. ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’, ‘ओव्हरस्कॅन ऑफ’ यातलं जे असेल ते निवडा. टीव्ही असेल तर त्या इनपुटचं नाव बदलून ‘पीसी’ करून बघा. कित्येक टीव्हींवर तेवढ्याने कडाही परत येतात आणि अक्षरंही निवळतात.

फिकट काळ्या रंगाचं मूळही त्याच सवयीत आहे. टीव्हीच्या हिशोबात काळा १६ पासून सुरू होतो आणि पांढरा २३५ ला संपतो; कॉम्प्युटरच्या हिशोबात ० ते २५५. कार्ड एक भाषा बोलतं, मॉनिटर दुसरी समजतो, आणि रात्रीचं दृश्य धुक्यात जातं. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये ‘आउटपुट डायनॅमिक रेंज’ फुल करा. एएमडीमध्ये ‘पिक्सेल फॉरमॅट’ आरजीबी ४:४:४ फुल. हे गेम कमी रिझोल्यूशनवर चालू असताना पुन्हा तपासा, कारण वेगवेगळ्या रिझोल्यूशनला ते वेगळं असू शकतं.

तिसरी तपासणी: गेमच्या आतली सेटिंग

सगळ्यात जास्त फायदा या भागात आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

आधी ‘फुलस्क्रीन’ आहे की ‘बॉर्डरलेस’ ते बघा. बॉर्डरलेसमध्ये गेम डेस्कटॉपवरच्या एका मोठ्या खिडकीसारखा चालतो. बऱ्याच गेममध्ये तेव्हा रिझोल्यूशनचा पर्याय निकामी होतो किंवा चित्र एका कोपऱ्यात बसतं. खरा फुलस्क्रीन घेतला की गेम मॉनिटरचा सिग्नलच बदलू शकतो. आयकॉन कोपऱ्यात गोळा होतात ते यामुळेच: गेमने डेस्कटॉप लहान केला, विंडोजने आयकॉन त्या लहान जागेत कोंबले, आणि गेम मधेच कोसळल्यामुळे मागचं कोणी आवरलं नाही. त्याला उपाय म्हणजे पुढचा परिच्छेद.

गेममध्ये ‘रेंडर स्केल’ किंवा ‘रिझोल्यूशन स्केल’ नावाची पट्टी असेल, तर रिझोल्यूशन मॉनिटरच्या मूळ आकड्यावरच ठेवा आणि फक्त ही पट्टी खाली आणा. फरक असा की बहुतेक गेममध्ये त्रिमितीय दृश्यच तेवढं कमी ठिपक्यांत रंगवलं जातं. नकाशा, अक्षरं, आकडे पूर्ण रिझोल्यूशनवर वरून काढले जातात. डोळ्याला खटकतात ती अक्षरंच, आणि ती शाबूत राहतात. १०८० वर ही पट्टी ७० टक्के केली की दृश्य रंगतं १३४४×७५६ मध्ये, म्हणजे कार्डाला जवळपास निम्मेच ठिपके रंगवावे लागतात. पडद्यावर मात्र चित्र निम्म्याने खराब झाल्यासारखं मुळीच वाटत नाही. मॉनिटरला सिग्नल मूळचाच जात असल्याने हर्ट्झ, कडा, काळा रंग, आयकॉन यातलं काहीही बिघडत नाही. कर्वेनगरच्या एका मुलाने यासाठी नवीन मॉनिटर घेण्याइतके पैसे जमवले होते. पट्टी सरकवून त्याचं काम भागलं आणि तो पैसे घेऊन गोव्याला गेला.

नव्या गेममध्ये एफएसआर किंवा डीएलएसएस असे पर्याय दिसतील. कामाची दिशा तीच, पण ताणण्याची पद्धत जास्त हुशार. डीएलएसएसला एनव्हिडियाचं आरटीएक्स कार्ड लागतं. एएमडीने जून २०२१ मध्ये आणलेलं एफएसआर जुन्या जीटीएक्स कार्डांवरही चालतं, म्हणून बेताच्या मशीनसाठी मी आधी तेच लावून बघतो. १०८० च्या मॉनिटरवर ‘क्वालिटी’च्या खाली जाऊ नका. क्वालिटीत दृश्य १२८०×७२० मध्ये रंगतं. ‘परफॉर्मन्स’मध्ये ९६०×५४०, आणि एवढ्या कमी मालातून हलणारी पानं, तारा, जाळ्या नीट उभ्या राहत नाहीत. फोरके मॉनिटरवर मात्र परफॉर्मन्सही चांगलं दिसतं, कारण तिथे त्याला मुळातच १९२०×१०८० चा माल मिळतो.

पट्टीही नाही, एफएसआरही नाही, असा जुना गेम असेल तर यादीतून मॉनिटरच्याच प्रमाणाचं रिझोल्यूशन निवडा. १६:९ ला १६००×९०० किंवा १२८०×७२०. १६:१० च्या मॉनिटरला १६८०×१०५० किंवा १४४०×९००. १२८०×१०२४ चं प्रमाण ५:४ आहे, त्याचं रुंद पडद्याशी कधीच जमत नाही.

चौथी तपासणी: विंडोज

लॅपटॉप असेल तर हे नक्की बघा. डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल १२५ किंवा १५० टक्के असतं आणि जुन्या गेमला ते कळत नाही. मग विंडोज त्याचं चित्र परस्पर ताणतं, किंवा गेमचा फक्त वरचा डावा भाग पडद्यावर येतो. गेमच्या मूळ फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’. तिथे ओव्हरराइडची खूण करून खाली ‘ॲप्लिकेशन’ निवडा. डेस्कटॉपचं शॉर्टकट नव्हे, मूळ फाइल.

डेस्कटॉपचं रिझोल्यूशन मात्र कायम मूळच ठेवा. ‘अक्षरं बारीक दिसतात म्हणून आईने ७२० करून ठेवलंय’ हेही मी पाहिलंय. काकूंना स्केल १५० करून द्या. अक्षरं मोठीही होतील आणि स्वच्छही.

पाचवी तपासणी: ड्रायव्हर

आता कार्डाला ताणायला सांगायचं. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये ‘ॲडजस्ट डेस्कटॉप साइझ अँड पोझिशन’ उघडा. ‘परफॉर्म स्केलिंग ऑन’ समोर जीपीयू (म्हणजे ग्राफिक्स कार्ड) निवडा, वर ‘आस्पेक्ट रेशो’, आणि खालच्या ‘ओव्हरराइड’च्या चौकोनात खूण करा, नाहीतर गेम आपलंच खरं करतो. एएमडीमध्ये डिस्प्लेखाली ‘जीपीयू स्केलिंग’ चालू करून ‘प्रिझर्व्ह आस्पेक्ट रेशो’. हे केल्यावर पहिली तपासणी पुन्हा करा: मॉनिटरच्या मेनूत आता मूळ रिझोल्यूशन दिसायला हवं. ‘आउट ऑफ रेंज’ही बहुतेकदा इथेच सुटतं, कारण मॉनिटरला न झेपणारा सिग्नल जाणंच बंद होतं.

पोस्टकार्डाएवढं चित्र मधोमध दिसत असेल तर इथेच ‘नो स्केलिंग’ किंवा ‘सेंटर’ निवडलेलं सापडेल. कुणीतरी यूट्यूबवर बघून केलेलं असतं.

लॅपटॉपवर एनव्हिडियाच्या पॅनलमध्ये हा पर्यायच दिसला नाही तर घाबरू नका. बऱ्याच लॅपटॉपमध्ये पडदा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जोडलेला असतो आणि एनव्हिडियाचं कार्ड चित्र तयार करून त्याच्या हवाली करतं. स्केलिंग तेव्हा इंटेलच्या किंवा एएमडीच्या पॅनलमध्ये मिळतं.

‘इंटिजर स्केलिंग’ हा पर्याय २०१९ पासून मिळतोय. एनव्हिडियामध्ये जीटीएक्स १६ मालिका आणि आरटीएक्स २० मालिकेपासून पुढे, जीटीएक्स १०६० वर नाही. यात कार्ड पूर्ण पटीतच वाढवतं, रंग कालवत नाही. पिक्सेल दिसावेत म्हणूनच काढलेल्या जुन्या गेमसाठी सुंदर. पण हिशोब करून घ्या: ६४०×४८० चा स्टारक्राफ्ट दुप्पट होऊन १२८०×९६० मध्ये छान बसतो; ८००×६०० दुप्पट केलं की उंची १२०० होते आणि १०८० च्या पडद्यात मावत नाही, म्हणून ते एकपटच राहतं.

काउंटर-स्ट्राइकवाल्यांनी हा भाग सोडून द्यावा. १२८०×९६० मुद्दाम ओढून माणसं रुंद करून खेळणं ही त्यांची रीत आहे. त्यांना ‘फुलस्क्रीन’ स्केलिंगच हवं असतं. त्यांचा भुरकटपणा हा दोष नव्हे, स्वेच्छा आहे.

पडदा काळा पडून काहीच दिसत नसेल तर आधी पंधरा सेकंद हात न लावता थांबा. विंडोजमधून केलेला बदल आपोआप मागे फिरतो. गेममध्ये असाल तर अल्ट आणि एंटर. तेही नाही तर शिफ्ट धरून रीस्टार्ट, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, आणि तिथे तिसरा पर्याय: कमी रिझोल्यूशनचा व्हिडिओ.

सहावी तपासणी: केबल

इथपासून खिशाला हात लागतो. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट डिजिटल आहेत. त्यातली वाईट केबल चमचमणारे ठिपके देते, पडदा क्षणभर घालवते, पण चित्र भुरकट करत नाही. म्हणून ‘सोन्याचा मुलामा’ वगैरे पाहून महागडी केबल घेऊ नका. व्हीजीएची गोष्ट वेगळी. ती ॲनालॉग असल्याने सैल केबल किंवा एचडीएमआय ते व्हीजीए ॲडाप्टर चित्र खरोखर मऊ करतात, आणि ते मूळ रिझोल्यूशनवरही दिसतं. ऑफिसातून निघालेले सेकंडहँड मॉनिटर लोक बरेचदा व्हीजीएवरच चालवतात, मागे डीव्हीआय किंवा डिस्प्लेपोर्टचं छिद्र मोकळं असतानासुद्धा. आधी मॉनिटरवरचं ‘ऑटो’ बटण दाबा, मग मागे वाकून बघा, मग इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत जा. तिथे दोन-तीन दुकानांत विचारल्याशिवाय घेऊ नका, हे पुणेकराला सांगायला नको.

एचडीएमआय १.४ वर २५६०×१४४० ला १४४ हर्ट्झ मिळत नाही. तिथे डिस्प्लेपोर्टच लावा.

सातवी तपासणी: रिझोल्यूशन कमी करायची गरज होती का?

हे खरं तर पहिलं विचारायला हवं, पण त्याला मेहनत लागते म्हणून शेवटी. गेम १०८० वर चालवून फ्रेमचा आकडा (सेकंदाला किती चित्रं तयार होतात तो) टिपा, मग ७२० वर. आकडा फारसा हललाच नाही, तर कार्ड अडलेलं नाहीच. प्रोसेसर, रॅम किंवा उष्णता अडवतेय, आणि तुम्ही चित्र फुकट खराब करून घेतलंत. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर खेळत असाल आणि रॅमची एकच पट्टी असेल, तर तशीच दुसरी टाकल्याने जो फरक पडतो तो रिझोल्यूशन कमी करून पडत नाही. अशी ग्राफिक्स रॅमवरच जगतात आणि दोन पट्ट्यांनी त्यांचा रस्ता दुपदरी होतो.

सुरुवातीची दहा मिनिटं गेम छान चालून मग अडखळत असेल तर धूळ बघा. आमच्या सिंहगड रस्त्यावर उड्डाणपुलाचं काम चालू होतं त्या काळात मी उघडलेल्या कॅबिनेटमध्ये हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) गोधडीसारखा थर असायचा. प्लग काढा, बाजूचं झाकण उघडा, पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा आणि मऊ ब्रशने झाडा. घरातला व्हॅक्यूम क्लिनर सरळ आत खुपसू नका.

इथे थांबा

हे दिसलं की हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा. कोणत्याही रिझोल्यूशनवर, अगदी मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूवरसुद्धा उभ्या किंवा आडव्या रेघा असतील, तर बिघाड पॅनलमध्ये किंवा त्याच्या बोर्डात आहे. पडदा काळा, पण टॉर्च तिरपा मारल्यावर पुसट चित्र दिसतंय, म्हणजे बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) गेला. चालू केल्यावर लुकलुकतो आणि गरम झाल्यावर स्थिरावतो, तर पॉवर सप्लायमधला कपॅसिटर संशयित. यातलं काहीही घरी उघडून बघायचं काम नाही. आपल्या २३० व्होल्टच्या विजेतून मॉनिटरच्या आत सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी तयार होतो, आणि प्लग काढल्यावरही तो मोठ्या कपॅसिटरमध्ये काही काळ बसून राहतो. जुन्या, ट्यूबच्या बॅकलाइटवाल्या मॉनिटरमध्ये तर दाब त्याहूनही बराच जास्त. लॅपटॉपचं पॅनल किंवा थर्मल पेस्ट बदलणंही पहिल्यांदाच करत असाल तर स्वतःच्या मशीनवर शिकू नका. वॉरंटी असेल तर नकोच नको.

दुसऱ्या मॉनिटरवरही रंगीत चौकोन, तुटके त्रिकोण दिसत असतील तर ग्राफिक्स कार्ड आजारी आहे. त्याला ओव्हनमध्ये भाजण्याचे व्हिडिओ बघू नका.

दुरुस्तीला नेताना मॉनिटर एकटा नेऊ नका. तुमचीच केबल, तुमचाच ॲडाप्टर बरोबर घ्या, आणि मॉनिटरच्या मेनूतला तो आकडा, गेम चालू असतानाचा आणि डेस्कटॉपवरचा, कागदावर लिहून न्या. ‘पॅनल बदलावं लागेल’ असं कोणी म्हणालं तर आधी किंमत विचारा. फुल एचडी मॉनिटरचं पॅनल आणि मजुरी मिळून बहुधा नव्या मॉनिटरच्या घरात जाते. आणि बिघाड मूळ रिझोल्यूशनवर, तुमच्यासमोर, दुकानातल्या टेबलावर दाखवायला सांगा. तिथे तो दिसला नाही तर मॉनिटर उचला, घरी या आणि पहिल्या तपासणीपासून पुन्हा सुरू करा.